खाण्यापिण्याचे ऑनलाइन सल्ले: कशावर विश्वास ठेवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या भागात बचत गटाची बैठक असो की अंगणवाडीतला लसीकरणाचा दिवस, कोणीतरी मोबाइल पुढे करतंच. "ताई, पाहा बरं, हे खरं हाय का?" आधी बायका विचारायच्या काय खायचं, आता विचारतात कोणाचं ऐकायचं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत दिले आहेत. मी गृहविज्ञान शिकले आहे आणि गावोगावी आहारावर काम करते, पण मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरकडेच जायला हवं, तिथे तसं सांगितलं आहे.

ताई, रोज नवीन काहीतरी येतं. खरं-खोटं झटक्यात कसं ओळखायचं?

झटक्यात ओळखता येत नाही. पण दोन प्रश्न विचारले की बराच भुसा उडून जातो. किती? आणि कोणाला?

"गूळ खा, रक्त वाढेल" हा निरोप तुम्हाला शंभर वेळा आला असेल. गुळात लोह असतं, हे खरं आहे. पण किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यांत १०० ग्रॅम गुळात साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह दिलं आहे. मोठ्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह मिळावं, अशी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. चहात आपण टाकतो १० ग्रॅमचा खडा. त्यातून अर्धा मिलिग्रॅमही लोह मिळत नाही, आणि जे मिळतं त्यातलंही काही चहाच अंगी लागू देत नाही. गुळावरच गरज भागवायची म्हटलं तर रोज अर्ध्या किलोच्या वर गूळ खावा लागेल.

आता कोणाला? ज्या बाईचं हिमोग्लोबिन ८ आहे, तिला गुळाचा सल्ला देणं म्हणजे तिचे महिने वाया घालवणं. तिला लोहाच्या गोळ्या लागतात आणि त्या उपकेंद्रात फुकट मिळतात. ज्याला साखरेचा आजार आहे, त्याच्यासाठी गूळ म्हणजे साखरच. गूळ वाईट नाही, मीही खाते. पण ज्या निरोपात मापही नाही आणि माणूसही नाही, त्यावरून ताटात काही बदलू नका.

व्हिडिओतला माणूस डॉक्टर आहे, पांढरा कोट घालतो. त्याचंही खोटं का?

कोट तर बाजारात मिळतो. तो कशाचा डॉक्टर आहे ते पाहा. दातांचा डॉक्टर किडनीच्या पथ्यावर बोलत असेल, तर ती त्याची विद्या नव्हे. "न्यूट्रिशनिस्ट" तर काही आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेला माणूसही नावापुढे लावतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये सांगून ठेवलं आहे की, आरोग्यतज्ज्ञ म्हणून सल्ला किंवा जाहिरात करणाऱ्याने आपली पात्रता उघड सांगावी आणि पैसे घेऊन बोलत असेल तर तेही सांगावं. ज्याने दोन्ही लपवलं, त्याचं ऐकण्याआधी थांबा.

आता तर नामांकित डॉक्टरांचा चेहरा आणि आवाज वापरून बनावट व्हिडिओ केले जातात. आवाज हुबेहूब असतो, ओठ मात्र शब्दांच्या मागेपुढे हलतात. बोलणं संपता संपता "खाली दिलेल्या नंबरवर ऑर्डर करा" आलं, तर समजा की आधीचा सगळा सल्ला त्या एका ओळीसाठी होता.

आमच्या काकाजींनी पावडर सुरू करून साखरेच्या गोळ्या बंद केल्या. त्यांना बरंही वाटतंय. चालू द्यावं का?

नाही. आजच त्यांची साखर तपासा आणि ज्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्यांनाच भेटा.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण माझ्याच घरात झालं आहे. माझे सख्खे काका, तेव्हा वय ६१. मोबाइलवर एका पावडरचा व्हिडिओ पाहिला: ४५ दिवसांत शुगर मुळापासून जाईल. त्यांनी दोन डबे मागवले आणि गोळ्या ट्रंकेत ठेवून दिल्या. पहिले तीन आठवडे ते खरंच खूश होते, कारण पावडरीसोबतच्या कागदावर भात, बटाटा, साखर बंद करायला सांगितलं होतं आणि ते इमानदारीने पाळत होते. जो काही फायदा झाला तो पथ्याचा होता, श्रेय पावडरीला गेलं. मग लग्नसराई आली, पथ्य सुटलं. पायाला काटा रुतल्याची जखम चिघळली तेव्हा साखर ४०० च्या वर निघाली. पाय वाचला, बोट गेलं. त्या तीन आठवड्यांत मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले होते आणि डबा पाहूनही काही बोलले नव्हते. वडीलधाऱ्या माणसाला काय शिकवायचं, असं वाटलं होतं.

म्हणून हे नीट वाचा. वजन बरंच उतरवलं तर काही लोकांचा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात राहू शकतो, हे खरं आहे. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, साखर मोजत मोजत, गोळ्या हळूहळू कमी करत होतं. लहान वयात इन्सुलिन लागलेल्या मुलांचं इन्सुलिन मात्र एक दिवसही बंद करायचं नाही. ते बंद केलं तर काही दिवसांतच जिवावर बेतू शकतं. कारलं, जांभळाच्या बिया, मेथी यांनी साखर थोडीफार उतरते, पण ती गोळ्यांची जागा घेत नाही. उलट गोळ्यांसोबत मोठ्या मापात घेतली तर साखर एकदम खाली जाऊन घेरी येऊ शकते.

पण त्या डब्यावर सरकारी नंबर होता. मग दावा खरा नाही का?

तो १४ आकडी नंबर म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा परवाना. खाद्यपदार्थ बनवायला किंवा विकायला परवानगी आहे, एवढंच तो सांगतो. आजार बरा होतो, असं तो सांगत नाही. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, उंची वाढवणे, अशा गोष्टींवर औषध असल्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानेच मनाई आहे. म्हणजे "शुगर मुळापासून" हे शब्द डब्यावर असतील, तर दावा खरा की खोटा या वादात पडायचीसुद्धा गरज नाही.

रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात. पाण्यावर तरंगतात, आम्ही स्वतः पाहिले.

तुम्ही पाहिलं ते खरं आहे. ज्याने त्याला प्लास्टिक म्हटलं, त्याने चुकीचं सांगितलं.

१५ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी सरकारी योजनांतून पोषणयुक्त तांदूळ देण्याची घोषणा केली आणि मार्च २०२४ पर्यंत तो सगळीकडच्या रेशनमध्ये पोचला. हे दाणे करायला तांदळाचंच पीठ घेतात, त्यात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळतात, यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि १०० किलो साध्या तांदळात १ किलो या हिशोबाने टाकतात. रंग जरा वेगळा, वजनाला हलके, म्हणून काही दाणे तरंगतात. बाया तेच वेचून फेकतात. ज्यासाठी तांदूळ आला, नेमकं तेच मोरीत जातं.

खात्री हवी असेल तर घरी करून पाहा. संशयाचे दाणे वेगळे शिजवा. बोटांत चुरडले की भातासारखे होतात, प्लास्टिक होणार नाही. दुसरं, त्यांवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. पिष्ट असेल तिथे निळा-काळा रंग येतो. एका जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या पोरांनी हा प्रयोग आपल्या आयांसमोर केला. त्यानंतर त्या गावात मला हा प्रश्न कोणी विचारला नाही.

आणि मुळात प्लास्टिकचा दाणा तांदळापेक्षा महाग पडतो. स्वस्तात महागाची भेसळ कोण करेल?

"संशोधनाने सिद्ध झालंय" असं लिहिलेलं असतं. मग तरी मानायचं ना?

कोणावर केलं, किती लोकांवर, आणि ज्यांना ते दिलं नाही त्यांचं काय झालं, हे सांगितलं असेल तर पुढे वाचा. उंदरावर झालेला प्रयोग माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. काचेच्या नळीत हळदीने कर्करोगाच्या पेशी मेल्या, म्हणजे हळदीच्या दुधाने गाठ जाते असं नाही.

चांगलं संशोधन कसं असतं, हे पाहायला परदेशात जायला नको. आपल्या विदर्भातलंच घ्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेणाऱ्या बाया तयार केल्या. सोबत ४७ गावं अशी ठेवली की जिथे हे केलं नाही, पण जन्म-मृत्यूची नोंद तितक्याच काटेकोरपणे घेतली. काम झालेल्या गावांत हजारी ६२ च्या आसपास असलेले नवजात मृत्यू २५ च्या आसपास उतरले. दुसऱ्या गावांत ते साठीच्या घरातच राहिले. १९९९ मध्ये हे "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

ती ४७ गावं नसती, तर कोणीही म्हटलं असतं की पाऊसपाणी चांगलं झालं, रस्ते झाले, म्हणून बाळं वाचली. तुलनेला कोणी ठेवलंय का, हे म्हणूनच पाहायचं. "आमच्या दहा हजार ग्राहकांना फायदा झाला" याला संशोधन म्हणत नाहीत. ज्यांना फायदा झाला नाही ते पुन्हा फोन करत नाहीत, म्हणून त्यांची गणती होत नाही. माझ्या काकांचीही कुठे झाली नसेल.

लाखोळीची डाळ विषारी आहे म्हणतात. आमच्या भंडाऱ्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या खातात. कोण खरं?

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. अशा वेळीच "किती" आणि "कोणाला" उपयोगी पडतात.

धान उभा असतानाच ओल्या बांधीत फेकून येणारं हे पीक. पाणी नको, खत नको, गरिबाच्या ताटात डाळ येते. पण या डाळीत मज्जातंतूंना इजा करणारं एक द्रव्य असतं. दुष्काळात दुसरं धान्य नसताना दोन-तीन महिने मुख्य अन्न म्हणून हीच खाल्ली, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. त्याला लॅथिरिझम म्हणतात. याच कारणाने १९६१ मध्ये केंद्राने विक्रीवर बंदीचं पाऊल उचललं. पुढे शास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक अशी कमी विषाची वाणं काढली आणि बंदी असावी की नसावी हा वाद बरीच वर्षं चालला.

तेव्हा "एक घास खाल्ला तरी लकवा" म्हणणारा व्हिडिओ भीती विकतो, आणि "काही होत नाही, खा रोज" म्हणणारा तुमच्या पायांशी खेळतो. अधूनमधून, इतर डाळी आणि भाकरीभाताबरोबर खाल्लेली वेगळी, नुसती लाखोळीवर काढलेली तंगी वेगळी. भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं तर विष कमी होतं, पण पूर्ण जात नाही. माझं मत विचाराल तर गरोदर बाई आणि लहान लेकरांच्या ताटात ती नको.

सोयाबीन आपल्याच शेतात आहे. थेट गव्हात टाकून दळलं तर?

थेट नको. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. आधी उकळून, वाळवून किंवा चांगलं भाजून मग दळा. दहा किलो गव्हाला एक किलो पुरे. सोयाबीन खाल्ल्याने पुरुषांत बाईपण येतं हा निरोप निखालस खोटा आहे.

नैसर्गिक आहे म्हटल्यावर अपाय काय होणार?

धोतराही नैसर्गिकच आहे. लवकीचा रस रोज सकाळी प्या म्हणतात. पण एखादी लवकी कडू निघाली आणि तरी रस पिऊन टाकला, तर उलट्या, रक्तस्राव, जिवालाही धोका. कडू लागली की थुंका आणि फेका. किडनी कमजोर असलेल्यांनी कमरख खाऊच नये, आणि नारळपाणीही डॉक्टरांना विचारूनच.

बाळ अशक्त आहे. रीलमधल्या बाया एक डबा सांगतात, आजी मध चाटवा म्हणते.

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. वरचं पाणीसुद्धा नाही, घुट्टी नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. त्यात क्वचित असे जिवाणू असतात की मोठ्याला काही होत नाही आणि बाळ मात्र लुळं पडतं. आजीचा हेतू चांगलाच असतो, म्हणून तिला हे शांतपणे, कारणासकट सांगा.

दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठीच्या दुधाच्या आणि खाण्याच्या डब्यांची जाहिरात करायला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. कायदा १९९२ चा, २००३ मध्ये आणखी कडक केलेला. रीलमधली बाई आई म्हणून बोलत असली, तरी ती डबा हातात धरून दाखवते तेव्हा जाहिरातच करत असते. सहा महिन्यांनंतर मऊ वरणभात, तूप घातलेली खिचडी, कुस्करलेलं अंडं, केळ. बाळाचं वजन अंगणवाडीत दर महिन्याला करा. ते वाढत नसेल तर डबा नको, डॉक्टर पाहिजे.

सिकलसेल आहाराने बरा होतो का?

नाही. हा आजार आईवडिलांकडून जनुकांतून येतो, कोणत्याही रसाने, पाल्याने तो जात नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या घरांना असले निरोप मुद्दाम पाठवले जातात, याचा मला फार राग येतो. भरपूर पाणी, पोटभर चौरस जेवण, डॉक्टरांनी दिलेलं फोलिक ॲसिड आणि बाकी औषधं, हे चालू ठेवा. आणि "रक्त वाढवणारं" म्हणून लोहाचं टॉनिक मनाने घेऊ नका. या आजारात रक्त कमी असलं तरी अंगातलं लोह कमी असतंच असं नाही.

क्विनोआ, चिया हे खरंच सुपरफूड आहेत का?

सुपरफूड हा शब्द दुकानदाराचा आहे. क्विनोआत ज्वारीपेक्षा प्रथिनं थोडी जास्त, खरं. पण १०० ग्रॅम ज्वारीतही १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि तेवढाच चोथा आहे. चियातलं जे तेल नावाजतात, त्याच जातीचं जवसात आहे, आणि जवसाची चटणी आपल्याकडे कोणाला नवी नाही. दुःख याचं की कापूस आणि सोयाबीनपुढे ज्वारी शेतातून हटली, आणि आता ती पाकिटातून महाग होऊन परत येते आहे. मात्र "ज्वारीने साखर वाढतच नाही" हेही चुकीचं. चार भाकरी खाल्ल्या तर वाढणारच.

एकदा म्हणतात अंडं वाईट, एकदा म्हणतात चांगलं. मग शास्त्रावर तरी भरवसा कसा?

नवा पुरावा आला की मत बदलतं, म्हणूनच भरवसा ठेवावा. दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा अमेरिकेने २०१५-२०२० च्या आहार मार्गदर्शनातून काढून टाकली, कारण तेवढा पुरावा उरला नव्हता. पावडर विकणारा कधी म्हणतो का, "मागच्या वर्षी आमचं चुकलं"?

खात्रीची माहिती मराठीत कुठे मिळेल?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या ऑनलाइन फुकट आहेत. मूळ इंग्रजीत आहेत. गावात कोणी कॉलेजात शिकणारं असेल तर त्याच्याकडून एकेक सूचना वाचून घ्या. आम्ही बैठकीत तसंच करतो. बाकी आशाताई, नर्सबाई, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी यांना विचारा. त्यांना लगेच उत्तर आलं नाही तर ते वर विचारून सांगतात, आणि ते गावात राहणारे आहेत. सल्ला चुकला तर त्यांना गाठता येतं. फसवणूक झाली असेल तर व्हिडिओ पुसू नका. स्क्रीनशॉट, पावती, डबा ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

घरच्या ग्रुपवर असले निरोप मामाजीच टाकतात. सुनेने सासऱ्याला खोटं कसं म्हणायचं?

ग्रुपवर म्हणू नका. चारचौघांत चूक दाखवली की माणूस निरोपाची नाही, स्वतःची बाजू घेतो. संध्याकाळी चहा देताना विचारा, "मामाजी, तुम्ही सकाळी मेथीच्या पाण्याचं पाठवलं होतं, त्यात किती घ्यायचं लिहिलंय? आईंची बीपीची गोळी चालू आहे, त्यांना चालते का?" याचं उत्तर निरोपात नसतंच. मग "आपण नर्सबाईला विचारू" म्हणा आणि विचारायला त्यांनाच पाठवा.

देवळी तालुक्यातल्या एका सुनेने असंच केलं. आता तिचे सासरे काही आलं की आधी उपकेंद्रात दाखवून येतात, आणि मग ग्रुपवर लिहितात: "नर्सबाईला विचारलं, हे नाही करायचं."